अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीत राष्ट्रीय स्पर्धेची जागा ठरते कशी?

रामबागकर (इंदूर)
नमस्कार मंडळी. इथल्या व्यायामशाळेतली कॉलेजची मुलं मार्चमध्ये अमेरिकेच्या एनसीएएच्या (तिथल्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या) कुस्त्या मोबाइलवर बघतात. डाव कळतात, पण निवडीचा हिशेब लागत नाही. आपल्याकडे कॉलेजकडून उतरायचं, देवी अहिल्या विद्यापीठाच्या निवडीत आपल्या वजनात पहिलं यायचं, की अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जायचं. तिकडे मात्र एका कॉन्फरन्समधला आठवा आलेला पैलवान राष्ट्रीय स्पर्धेत दिसतो आणि दुसरीकडचा दुसरा आलेला घरी बसतो. असं का? आणि प्रत्येक वजनात ३३ पैलवान कसे? ३२ असते तर समजलं असतं. दोन मुलं आणि एक मुलगी पुढे तिकडे शिकायला जायचं म्हणतात, म्हणून नीट माहिती हवी आहे.

मॅटची_कड
रामबागकर भाऊ, आधी डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळांची सगळ्यात वरची पातळी बघू, कारण तुम्ही बघता ती स्पर्धा तीच. दहा वजनगट, प्रत्येकी ३३, एकूण ३३० पैलवान. एका कॉलेजचा एका वजनात एकच, म्हणजे संघाचे जास्तीत जास्त दहा. एवढ्यापुरतं आपल्या आंतरविद्यापीठसारखंच आहे.

गोंधळ पुढे होतो. हंगामभर चांगलं लढून पैलवान जी जागा कमावतो ती त्याच्या नावावर लागत नाही, त्याच्या कॉन्फरन्सच्या खात्यात जमा होते. कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांचे गट: बिग टेन, बिग ट्वेल्व्ह, एसीसी, ईआयडब्ल्यूए, मॅक वगैरे. फेब्रुवारीच्या अखेरीस प्रत्येक वजनातले पैलवान तीन कसोट्यांवर तपासले जातात. डिव्हिजन वनच्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध निदान ७० टक्के विजय आहेत का? प्रशिक्षकांच्या क्रमवारीत पहिल्या ३० मध्ये आहे का? आरपीआय नावाच्या गणिती क्रमवारीत पहिल्या ३० मध्ये आहे का? आरपीआयमध्ये स्वतःच्या विजयांबरोबर प्रतिस्पर्ध्यांचे विजय आणि त्यांच्याही प्रतिस्पर्ध्यांचे विजय धरतात, त्यामुळे कच्च्या जोड्या घेऊन आकडा फुगवता येत नाही. तीनपैकी दोन कसोट्या पार झाल्या की त्या पैलवानामागे त्याच्या कॉन्फरन्सला त्या वजनात एक जागा मिळते.

समजा, १६५ पौंडात एका कॉन्फरन्सचे सहा जण असे निघाले. तर मार्चच्या सुरुवातीला होणाऱ्या कॉन्फरन्स स्पर्धेत पहिले सहा येतील ते थेट राष्ट्रीय स्पर्धेत. हे सहा तेच असतील असं मुळीच नाही. ज्याने जागा मिळवून दिली तो सातवा आला तर त्याची थेट जागा गेली, आणि हंगामात बेताचाच खेळलेला एखादा त्या दोन दिवसांत पेटून उठला तर तो गेला. दुसरीकडे, ज्या कॉन्फरन्सचा एकही जण कसोट्या पार करत नाही तिलाही एक जागा असतेच, पण ती फक्त विजेत्याला. म्हणून तिथला दुसरा घरी आणि बिग टेनचा आठवा राष्ट्रीय मॅटवर. बिग टेनमध्ये आठवं येण्यासाठी ज्यांना हरवावं लागतं ते पैलवान बघितले की हा अन्याय वाटत नाही.

लाल_माती
यात एक बारकावा. जागा जिथे संपतात त्या क्रमांकाची कुस्ती अंतिम कुस्तीइतकीच जोरात होते. सहा जागा असतील तर पाचव्या-सहाव्या क्रमांकासाठी लढणारे दोघेही निर्धास्त, पण सातव्या-आठव्यासाठी लढणारे जीव तोडून लढतात, कारण सातवा येणाऱ्याला उरलेल्या जागा भरणाऱ्या समितीपुढे थोडी तरी बाजू उरते. मुलांना व्हिडिओ दाखवायचे तर या कुस्त्या दाखवा.

मॅटची_कड
बरोबर, आणि समितीचं राहिलंच. सगळ्या कॉन्फरन्स स्पर्धा झाल्यावर ३३ पैकी ज्या जागा उरतात त्या समिती भरते. त्यांना ॲट-लार्ज म्हणतात. समिती आमनेसामनेचा निकाल, मोठ्या पैलवानांवरचे विजय, प्रशिक्षकांची क्रमवारी, दोघांच्या सामाईक प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी, आरपीआय, कॉन्फरन्समधला क्रमांक आणि विजयांची टक्केवारी बघते. कॉलेजचं नाव मोठं असणं हा निकष नाही.

३३ चं कारण म्हणाल तर सरळ ३३० भागिले दहा. आता ३३ ही जणांना १ ते ३३ मानांकन देतात. ३२ आणि ३३ यांची आधी एक जादा कुस्ती होते आणि जिंकणारा पहिल्या मानांकिताशी भिडतो.

चांगले पैलवान कुठे अडकतात तेही सांगतो. एक, हंगामाच्या मध्यात वजनगट बदलणं. क्रमवारी वजनगटाप्रमाणे असते. डिसेंबरपर्यंत १७४ ला लढून जानेवारीत १६५ ला उतरला, तर नव्या वजनात कुस्त्या कमी भरतात आणि आरपीआयमध्ये नावच येत नाही. दोन, दुखापतीमुळे कमी कुस्त्या, तिथेही तेच. तीन, कॉन्फरन्स स्पर्धेच्या तोंडावर दुखापत: कमावलेली जागा कॉन्फरन्सकडेच राहते आणि हा समितीच्या भरवशावर. चार, डिव्हिजन वनच्या बाहेरच्या पैलवानांवर मिळवलेले विजय. मनाला समाधान देतात, पण ७० टक्क्यांच्या हिशेबात धरत नाहीत.

वजनकाटा
वजनाचं मी सांगतो, कारण आपली मुलं तिथेच फसतील. तिकडचे गट पौंडात आहेत: १२५, १३३, १४१, १४९, १५७, १६५, १७४, १८४, १९७ आणि २८५. किलोत साधारण ५६.७, ६०.३, ६४, ६७.६, ७१.२, ७४.८, ७८.९, ८३.५, ८९.४ आणि १२९.३. आपल्या ७४ किलोवाल्याला १६५ जवळचा, पण ९७ वाल्याची पंचाईत: १९७ साठी साडेसात किलो खाली यायचं, नाहीतर थेट जड गटात.

आणि हवं तेवढं वजन तोडता येत नाही. हंगामाच्या आधी प्रत्येकाचं किमान वजन प्रमाणित होतं. आधी लघवीची तपासणी. विशिष्ट गुरुत्व १.०२० पेक्षा जास्त आलं तर शरीरात पाणी कमी आहे असं धरून मोजणी पुढे ढकलतात. मग चरबी मोजतात. पुरुषांसाठी ५ टक्के चरबी ही खालची हद्द, त्याखाली नेणारं वजन मंजूर होत नाही. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्यापेक्षा जास्त उतरता येत नाही. ८० किलोच्या मुलाला १६५ पौंड गाठायचं तर आठवड्याला जेमतेम सव्वा किलो, म्हणजे पाच आठवडे. रबरी सूट आणि वाफेची खोली बंद. हे नियम उगाच आलेले नाहीत. १९९७ च्या अखेरीस सुमारे महिनाभरात तीन कॉलेज पैलवान वजन तोडताना मरण पावले, त्यानंतर हे कडक झालं. आपल्याकडे आदल्या रात्री स्वेटर घालून पळणारी मुलं आहेत, त्यांना हे वाचून दाखवा.

रामबागकर (इंदूर)
फार मोलाची माहिती, सगळ्यांचे आभार. दोन प्रश्न. पहिल्या फेरीत हरलेला तिसरा कसा येतो? आपल्याकडे फायनलला गेलेल्याकडून हरलात तरच रेपेचाज, म्हणजे कांस्यपदकासाठी पुन्हा संधी. आणि मुलींचं काय?

मॅटची_कड
तिकडे रेपेचाज नाही. दोनदा हरलात की बाहेर, पण एकदा हरलेला, कुणाकडूनही हरलेला असो, खालच्या बाजूने लढत तिसऱ्या क्रमांकापर्यंत जाऊ शकतो. पहिले आठ येणाऱ्यांना ऑल-अमेरिकन म्हणतात.

मुलांना एक नक्की सांगा, हे फ्रीस्टाइल नाही. तिकडच्या कॉलेज कुस्तीत, म्हणजे फोकस्टाइलमध्ये, ३-२-२ मिनिटांच्या तीन फेऱ्या. २०२३-२४ च्या हंगामापासून टेकडाउनला, म्हणजे उभ्याने खाली पाडून ताबा घेण्याला, तीन गुण, खालून सुटलं तर एक, उलटवून वर आलं तर दोन. वरून प्रतिस्पर्ध्यापेक्षा निव्वळ एक मिनिट जास्त दाबून धरलं तर शेवटी आणखी एक. आपला फ्रीस्टाइलचा मुलगा खाली गेला की पोटावर सपाट पडून पंचाच्या शिट्टीची वाट बघतो. तिकडे ती शिट्टी येत नाही. त्याने रोज गुडघ्यांवरून उठण्याचा आणि मनगट सोडवण्याचा सराव करावा. जागा ठरवणाऱ्या अटीतटीच्या कुस्त्या या एकेका गुणावरच फिरतात.

सुदामानगर_ताई
मुलीसाठी बातमी चांगली आहे, दादा. एनसीएएने जानेवारी २०२५ मध्ये महिला कुस्तीच्या राष्ट्रीय स्पर्धेला मान्यता दिली, पहिली स्पर्धा २०२६ ची. आणि महिलांची कुस्ती फ्रीस्टाइलच्याच नियमांनी होते, त्यामुळे तिला खेळ नव्याने शिकावा लागणार नाही. वजनगट मात्र पौंडात आणि आपल्यापेक्षा वेगळे: १०३ पासून २०७ पर्यंत दहा.

मुलांनी डिव्हिजन टू आणि थ्रीकडेही बघावं. तिथे हा जागावाटपाचा हिशेब नसतो. विभागीय स्पर्धेतल्या क्रमांकावर निवड होते, आपल्याकडच्या मुलांना समजेल अशी. फक्त डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची शिष्यवृत्ती मिळत नाही, तेव्हा फीचा विचार आधी करावा. आणि डिव्हिजन वन किंवा टूला जायचं तर एनसीएएच्या पात्रता केंद्रात नोंदणी करावी लागते. नववीपासूनच्या गुणपत्रिका लागतात. बारावीनंतर वर्षानुवर्षं नुसती तालीम करत थांबू नका, उशिरा प्रवेश घेतला तर खेळायचे हंगाम कमी होतात.