सासऱ्यांनी कच्चा आहार सुरू केलाय, रोज ताटात काय वाढू?

ठाणेकरीण
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या. माझे सासरे, वय 71, शुगर आणि बीपीच्या गोळ्या चालू आहेत, बाकी तब्येत उत्तम, रोज सकाळी तलावपाळीला फेरी असते. हल्लीच मित्राबरोबर कुठल्याशा निसर्गोपचार शिबिराला जाऊन आले आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या जाहीर केलं की आजपासून शिजवलेलं बंद. 45 डिग्रीच्या वर अन्न तापलं की त्यातला जीव जातो म्हणे. यावर सासूबाई जाम भडकल्यात, "पन्नास वर्षं माझ्या हातचं गिळलंत तेव्हा जीव नव्हता का त्यात" असं रोज एकदा तरी होतंच.

मला विरोध करायचा नाहीये, त्यांना हौस आहे तर करू देत. पण काकडी-गाजर-बीटच्या चकत्या आणि फळं यापलीकडे माझी मजल जात नाही. त्यात बाबांना कवळी आहे, गाजराचा तुकडा तोंडात घोळवत बसतात बिचारे आणि डोळे आमच्या वरणभाताच्या ताटाकडे. कबूल मात्र करणार नाहीत! नेटवर बघावं तर सगळीकडे अॅव्होकाडो, केल, झुकिनीच्या नूडल्स, हे आमच्याकडे कोण खाणार आणि रोज कुठून आणणार. आपल्यातलंच काहीतरी सांगा ना, ज्याला गॅस लागत नाही आणि पोटही भरेल. मी नोकरी करते, सकाळी फार वेळ नसतो.

अजून एक, धाकटी जाऊबाई (वय 29) म्हणतेय मीपण करते, वजन उतरेल. डॉक्टरांना अजून कुणीच काही सांगितलेलं नाही.

पेठेतली
अगं आपल्या ताटाची डावी बाजू आठव की! निम्मी कच्चीच असते. कोशिंबिरी, पचड्या, चटण्या, ताजी लोणची, फक्त वरची फोडणी काढायची आणि चमचाभर वाढायचं ते वाडगाभर वाढायचं.

कवळी असेल तर चकत्या मुळीच देऊ नकोस. काकडी चोचव (कोरून नाही, विळीवर चोचवून, त्याला जी चव येते ती किसणीला नाही), गाजर-बीट बारीक किसणीवर, कोबी अगदी दोऱ्यासारखा चिरून मीठ-लिंबू लावून दहा मिनिटं दाबून ठेव, मऊ पडतो. सुटलेलं पाणी फेकू नकोस, त्यातच ओलं खोबरं नि कोथिंबीर घाल. खमंग काकडीला दाण्याचं कूट भाजलेल्या दाण्यांचं असतं, ते चालत नसेल तर कच्चे दाणे रात्री भिजत घालून सकाळी जाडसर वाटून घालायचे. चव वेगळी लागते, दुधाळ, पण वाईट नाही. काळपट किंवा बुरशी आलेला दाणा दिसला तर टाकून द्यायचा, तिथे काटकसर नको.

पोटभरीचं म्हणशील तर आंब्याची डाळ. चैत्रातल्या हळदीकुंकवाची गं. हरभऱ्याची डाळ चारपाच तास भिजवायची, पाणी पूर्ण निथळायचं, मिरची-जिरं घालून मिक्सरला फक्त पल्सवर फिरवायची, गंध करायचा नाही, मग किसलेली कैरी, खोबरं, मीठ. फोडणीऐवजी कच्चं शेंगदाण्याचं तेल दोन चमचे आणि चिमूटभर हिंग. कैरी नसेल तेव्हा लिंबू. ही डाळ जड असते, रात्री देऊ नकोस, नाहीतर सासूबाईंना बोलायला अजून एक विषय :) रात्रीसाठी मुगाची डाळ बरी, ती तासाभरात भिजते, काकडी आणि डाळिंबाचे दाणे घालून वाटीभर खाल्ली तरी त्रास होत नाही.

पन्ह्याला कैरी उकडायची गरज नाही, किसून पाण्यात कुस्करून गाळून घे. गूळ मात्र कच्चा नसतो, उसाचा रस आटवूनच करतात तो, बाबा काटेकोर असतील तर मध. शुगर आहे म्हणजे दोन्ही बेतानेच.

तिखटजाळ
फोडणी नाही तर मग जगायचं कशासाठी, पण असो. दडपे पोहे कुणी सांगितले नाहीत अजून? पातळ पोहे, ओल्या नारळाचं पाणी, कांदा, कैरी, खोबरं, वर झाकण आणि झाकणावर वजन. गॅस लागतच नाही. विषय संपला.

पेठेतली
@तिखटजाळ, पोहे कच्चे कुठे असतात, भात गरम पाण्यात भिजवून भट्टीत भाजतात आणि मग चेपतात. घरी गॅस लागत नाही एवढंच. माझं विचारशील तर द्यावेत, पण शिबिरवाले मानणार नाहीत.

गोळीवाला
माझं मेडिकलचं दुकान आहे, रोज असे काका-मावशी येतात म्हणून लिहितोय. रेसिपी नंतर बघा ताई, आधी गोळ्यांच्या पट्ट्या बघा.

एक, शुगरची गोळी. ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल आणि भात-पोळी अचानक बंद केली तर शुगर खाली घसरू शकते. घाम, थरथर, चिडचिड, काही वेळा नुसता गोंधळल्यासारखा चेहरा, आणि घरच्यांना वाटतं वयामुळे होतंय. नुसती मेटफॉर्मिन असेल तर हा धोका कमी, पण ती वर्षानुवर्षं घेतली की बी-12 कमी होतं, त्यात वयामुळे शोषण कमी, त्यात आता कच्चं खाणं. वनस्पतीत बी-12 भरवशाचं मिळत नाहीच, मोडातही नाही नि पाल्यातही नाही. दही-ताक घेत असतील तर ते अजिबात बंद करू देऊ नका. शरीरात साठा असतो म्हणून कमतरता लगेच कळत नाही, कधीकधी वर्षं जातात, मग पायाला मुंग्या, तोल जाणं सुरू होतं. आताच एकदा तपासून घ्या म्हणजे पुढे तुलना करता येईल.

दोन, बीपीची गोळी टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन असेल तर तिने पोटॅशियम वाढू शकतं. त्यावर रोज शहाळं, केळी, पालेभाज्यांचे रस असं चाललं आणि किडनी थोडी जरी कमजोर असली तर प्रकरण गंभीर होतं. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, दोन साध्या टेस्ट आहेत. रक्त पातळ करायची वॉरफेरिन घेत नसावेत अशी आशा करतो, घेत असतील तर पालेभाजी एकदम वाढवली की गोळीचं गणितच बदलतं.

तीन, रस. शिबिरांमधून दुधीच्या रसाचं फार वेड घेऊन येतात लोक. दुधी कच्चा वापरायचाच असेल तर आधी एक तुकडा जिभेला लावून बघा, कडू लागला की अख्खा फेकायचा. आयसीएमआरने यावर 2011 मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली होती, कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली होती आणि त्या विषावर उतारा नाही. "औषध कडूच असतं" म्हणून डोळे मिटून पिणारे काका मी बघितलेत, म्हणून एवढं ठासून सांगतोय.

ठाणेकरीण
बापरे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र आहे बाबांची, आत्ताच डबा उघडून बघितला. बीपीची टेल्मिसार्टनच. उद्याच फोन करते डॉक्टरांना. दुधीचा रस सुरू आहे रोज सकाळी!! चव मी कधी बघितली नव्हती.

मालवणी_खाजा
सोलकढी करा की रोज. एका नारळाचं खोबरं, चार लसणीच्या पाकळ्या, एक मिरची, जिरं, कोमट पाणी घालून वाटायचं, फडक्यातून घट्ट पिळायचं, तोच चोथा परत एकदा वाटून दुसरं दूध काढायचं. दहाबारा आमसुलं अर्धा तास आधी भिजत घातलेली, ती चुरून ते पाणी नारळाच्या दुधात घालायचं. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) असेल तर अजून सोपं, पण आगळात मीठ असतं, बीपीवाल्यांना कमीच. पाणी हाताला सोसवेल एवढंच कोमट घेतलं तर तुमच्या 45 डिग्रीत बसतं.

खोबरं घालायला हात आखडू नका, कारण कच्च्या आहारात पोट भरतं पण ताकद येत नाही, काकडीत 100 ग्रॅमला जेमतेम 15 कॅलरी, म्हणजे दिवसाच्या 1500 कॅलरी काकडीतून काढायच्या तर 10 किलो काकडी लागेल. ओल्या खोबऱ्यात तेवढ्याच वजनात साडेतीनशेच्या आसपास.

आणि ते पाकिटावर "रॉ काजू" लिहिलेलं असतं ना, तसं काही नसतं. काजूच्या टरफलात जे तेल असतं त्याने कातडी भाजते, म्हणून कारखान्यात बी आधी वाफवतात किंवा भाजतात, मगच फोडतात. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चला ओले काजूगर काढतात ते खरे कच्चे, पण ते काढणाऱ्या बायकांचे हात बघा एकदा, बोटांना राख किंवा खोबरेल चोपडूनही चिकाने काळी पडून सोलपटतात. त्यामुळे ओल्या काजूगराला भाव करायला माझी तरी जीभ उचलत नाही. त्याची उसळच करायची असते खरं तर, पण ते राहू दे आता.

नोकरदार_सून
सकाळच्या घाईसाठी माझं सांगते, मी पूर्ण कच्चं खात नाही पण रात्रीचं जेवण तसंच असतं. मूग सकाळी भिजत, रात्री निथळून ओल्या पंचात बांधायचे, दुसऱ्या दिवशी मोड. अर्धा सेंटीमीटर मोड पुरे, लांब शेपट्या आल्या की कडवट लागतात. मग फ्रीजमध्ये, दोन दिवसांत संपवायचे. चिकट झाले किंवा वास आला तर सरळ बाहेर. मोड आलेली मटकीही चालते पण कच्ची जरा उग्र लागते, तिला कांदा-टोमॅटो-लिंबू सढळ हाताने.

राजमा कच्चा चुकूनही नको, नुसता भिजवून मोड आणून त्यातलं विष जात नाही, उलट्यांनी हैराण होतं माणूस, तो खदखदा उकळावाच लागतो. वाल-पावटेही शिजवूनच. अळू-सुरण तर घसा सांगेलच.

पावसाळ्यात मी कच्चे मोड आणि पालेभाज्या बंद ठेवते. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंना लागते. 2011 ला जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांमुळे ई-कोलायची मोठी साथ आली होती, पन्नासच्या वर माणसं गेली, तिथली स्वच्छता आपल्यापेक्षा बरी असूनही. त्या दिवसांत मोड पाच मिनिटं वाफवून द्या आणि सासऱ्यांना सांगा की हवाच तशी आहे. श्रावणात आपल्याकडे पालेभाजी वर्ज्य असतेच, तो मुद्दा सासूबाईंकडून आला तर आणखी चांगलं.

जाऊबाईंबद्दल: नको. गीसेन विद्यापीठाने जर्मनीतल्या कच्चं खाणाऱ्यांची पाहणी केली होती, 1999 ला छापून आली. त्यात 45 च्या आतल्या बायकांमध्ये साधारण 30 टक्के जणींची पाळी अनियमित किंवा पूर्ण बंद झाली होती, आणि जितकं कच्च्याचं प्रमाण जास्त आणि वजन कमी तितकं ते जास्त. वजन उतरतं हे खरं, पण असं. 29 व्या वर्षी हिमोग्लोबिन बघा, एक वेळ कोशिंबीर-फळं नि दुसऱ्या वेळी नीट जेवण एवढं केलं तरी खूप.

तिखटजाळ
बाबांना गांधीजींचं सांगून बघा. 1929 ला साबरमतीला आश्रमातल्या मंडळींना घेऊन त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता, यंग इंडियात त्यावर लिहीतही होते. प्रकृतीला मानवेना म्हणून शेवटी सोडला. आणि निसर्गोपचारावरचा विश्वास काही त्यामुळे उडाला नाही, उरुळी कांचनचा आश्रम त्यानंतरचाच, 1946 चा. म्हणजे बाबांना माघार घ्यायची झाली तर सन्मानाने घेता येईल, सोबत मोठा माणूस आहे.

ठाणेकरीण
@तिखटजाळ, हे बेस्ट आहे, बाबा गांधींना फार मानतात.

अपडेट देते. डॉक्टरांशी बोलणं झालं, त्यांनी ग्लिमेपिराइड तात्पुरती थांबवली, घरी ग्लुकोमीटरवर रोज तपासायला सांगितलंय, बी-12 आणि पोटॅशियमचे रिपोर्ट यायचेत. रस बंद. दुपारी एक वाटी शिजवलेलं खायलाच हवं असं त्यांनी सांगितल्यावर बाबा दोन मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले "डॉक्टरच म्हणतायत म्हटल्यावर..." आणि वरणभात दोनदा मागून घेतला. सासूबाईंनी तुपाची धार जरा जास्तच सोडली.

संध्याकाळचं कच्चं चालूच आहे. आंब्याची डाळ हिट झाली, मुगाची डाळ पण. सोलकढी आता सगळेच पितात त्यामुळे रोज नारळ फोडावा लागतोय. टोमॅटो-गाजर मात्र त्यांना कच्चंच हवंय, शिजवल्यावर सत्त्व जातं म्हणतात.

गोळीवाला
सी जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं हे बरोबर. पण टोमॅटोतलं लायकोपीन आणि गाजरातलं कॅरोटीन शिजवल्यावर, आणि जोडीला थोडं तेल-तूप असलं तर, अंगाला जास्त लागतं. टोमॅटोचं सार करा, वरून कोथिंबीर-लिंबू कच्चं. रिपोर्ट आले की टाका इथे, आणि थांबवलेली गोळी डॉक्टरांना न विचारता परत सुरू करू नका. वरणभात दोनदा झाला तर मीटरवर दिसेलच.

मालवणी_खाजा
सोलकढीचा चोथा फेकू नका, त्यात मिरची-कोथिंबीर-मीठ-लिंबू घालून परत फिरवला की चटणी होते. जरा कोरडी वाटली तर दह्यात कालवा.