अमेरिकेच्या यादीत आपण कितवे? कोळंबीवरून पडलेला प्रश्न

हर्णैकर
2025 च्या नारळी पौर्णिमेला नारळ सोडला, बोटी निघाल्या, आणि त्याच आठवड्यात अमेरिकेने भारताच्या मालावर 25 टक्के शुल्क लावलं. रशियाचं तेल घेता म्हणून 27 ऑगस्टपासून आणखी 25. औषधं, स्मार्टफोन वगळले. ते त्यांना हवेत. कोळंबी नाही वगळली; त्यांच्या गरजेच्या यादीत ती नाही. रशियाचं तेल चीनही घेतो, त्याला हा दंड लावला नाही, कारण दुर्मिळ खनिजांच्या चाव्या त्याच्याकडे आहेत.

ही रीत जुनीच. कासवं मरू नयेत म्हणून कोळंबीच्या जाळ्यात त्यांना बाहेर सुटू देणारी लोखंडी चौकट बसवा, नाहीतर कोळंबी घेणार नाही, असा त्यांचा कायदा. कॅरिबियन देशांना तयारीला 3 वर्षं दिली, आपल्याला 4 महिने. भारत, पाकिस्तान, मलेशिया, थायलंड जागतिक व्यापार संघटनेत गेले आणि 1998 मध्ये याच भेदभावावर अमेरिका हरली. जवळच्याला मुदत, लांबच्याला बंदी!

वेळासची
अर्धंच सांगताय. कासवं वाचवण्याचा हेतू त्याच निकालाने ग्राह्य धरला होता. आमच्याकडे वेळासच्या किनाऱ्यावर पहाटे घरट्यावरची टोपली उचलली की ऑलिव्ह रिडलेची पिल्लं ओल्या वाळूवरून सरळ पाण्याकडे निघतात. आणि मेलेली मोठी कासवं वाहून येतात, तीही आम्हीच पुरतो. चौकट नाही म्हणूनच 2019 पासून अमेरिका आपली समुद्रातली कोळंबी घेत नाही. मग शुल्काचा मार आंध्रच्या तळ्यांत वाढवलेल्या वेनामी कोळंबीला बसला, तुमच्या बोटीला कसा?

हर्णैकर
लिलावाला येऊन बघा, ताई. व्यापारी टोपलीतली मूठभर कोळंबी हातावर घेतो, किलोला किती नग बसतील ते नजरेनेच ठरवतो आणि म्हणतो, "तळ्यातला माल स्वस्त पडून आहे, तुझा कशाला घेऊ?" तिकडे अडलेला माल इकडचा भाव पाडतो.

मालवणचो झिलगो
अमेरिका आपलं हित बघणारच. दिल्लीच्या यादीत आपण कितवे, ते विचारा. स्वस्त तेलाचा फायदा रिफायनऱ्यांना, त्याची किंमत मोजली सुंगटांनी, म्हणजे आपल्या कोळंबीने. मच्छीमारांच्या हिताशी तडजोड नाही, असं पंतप्रधान ऑगस्ट 2025 मध्ये म्हणाले. मग ते बंदरावर दिसू दे.

देवगडची बागायतदार
सगळंच काळं रंगवू नका. अणुकराराची बोलणी चालू होती, त्याच काळात आपल्या आंब्याला अमेरिकेचं दार उघडलं. 2007 मध्ये लासलगावला विकिरण करून, म्हणजे किडीसाठी किरणांचा मारा करून, हापूस तिकडे गेला. मोठ्याला आपली गरज असते, तेव्हाच आपली बारीक कामं रेटून घ्यायची. जुलै 2025 मध्ये ब्रिटनशी करार झाला, त्यात कोळंबीवरचं शुल्क शून्य आहे. ते पदरात पाडून घ्या.

वेळासची
पटलं. पण चौकटीचं काय? कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी प्रौद्योगिकी संस्थेने आपल्या जाळ्यांसाठी ती केव्हाच बनवली आहे.

हर्णैकर
चौकटीतून मोठी मासळीही सुटते, ही भीती खरी आहे. तरी पावसाळी मासेमारी बंदी उठली की पुढच्या हंगामात एका बोटीवर बसवून बघतो. 4 महिन्यांचा अन्याय मात्र मी विसरणार नाही.