लीगचे निकाल टाकले की सेलना आपोआप रंग यावा: सल्ला हवा आहे

धागाकर्ता:
नमस्कार. आमच्या फुटबॉल लीगचा तक्ता यंदा माझ्याकडे आलाय. १० संघ, प्रत्येकाचा प्रत्येकाशी दोनदा सामना, म्हणजे ९० सामने. सगळं गूगल शीट्समध्ये आहे. कॉलम असे: ए तारीख, बी यजमान संघ, सी त्यांचे गोल, डी पाहुण्यांचे गोल, ई पाहुणा संघ.

आजवर मी जिंकलेल्याला हिरवा आणि बरोबरीला पिवळा रंग हाताने देत होतो. मागच्या आठवड्यात एका सामन्यातला गोल नंतर ग्राह्य धरला गेला. मी आकडा बदलला, रंग बदलायचा राहिला. दोन दिवस त्या पोरांना वाटत होतं की आपण हरलो. फार वाईट वाटलं. म्हणून कंडिशनल फॉरमॅटिंग (अट पूर्ण झाली की शीट स्वतःच सेलला रंग देतं ती सोय) लावून पाहिलं. हिरवा जमला, पण अजून न झालेले सगळे सामने पिवळे होऊन बसलेत. काय चुकतंय?

प्रतिसाद १:
तुमचा बरोबरीचा नियम =$सी२=$डी२ असा असणार. (अक्षरं-आकडे टाइप करताना इंग्रजीतच करा.) दोन्ही सेल रिकामे असले की ते एकमेकांसारखेच, त्यामुळे शीटच्या लेखी ती बरोबरी. शून्य वगळूनही भागणार नाही, कारण ०-० हा खराखुरा निकाल आहे. दोन्हीकडे आकडा आहे ना, हे आधी तपासा: काउंट($सी२:$डी२)=२. काउंट फक्त आकडे मोजतं, म्हणून गोलांच्या जागी कुणी 'रद्द' लिहिलं तरी बिघडत नाही. नाहीतर तुलनेत मजकूर हा कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धरला जातो आणि रद्द झालेला सामना यजमानांनी जिंकलेला दिसतो.

गोल दोन वेगळ्या कॉलममध्ये ठेवलेत ते उत्तम केलंत. एकाच सेलमध्ये २-१ लिहिलं की त्याची तारीख होते.

प्रतिसाद २:
माझं आग्रहाचं सांगणं आहे, थेट गोलांवरून रंगवू नका. एफ हा निकालाचा कॉलम करा आणि त्यात यजमानांच्या बाजूने एक अक्षर येऊ द्या:

=इफ(काउंट($सी२:$डी२)<२,"",इफ($सी२>$डी२,"वि",इफ($सी२=$डी२,"ब","प")))

हे शेवटच्या ओळीपर्यंत खाली ओढा. मग फॉरमॅट मेनूतून कंडिशनल फॉरमॅटिंग, त्यात 'कस्टम फॉर्म्युला इज'. नियम तीनच पुरतात. बी२:बी९१ साठी =$एफ२="वि" हिरवा. ई२:ई९१ साठी =$एफ२="प" हिरवा, कारण यजमान हरले म्हणजे पाहुणे जिंकले. दोन्ही रेंजसाठी मिळून =$एफ२="ब" पिवळा. हरलेल्याला मी रंग देत नाही. हिरव्याच्या समोरचं कोरं नाव पुरेसं बोलतं, आणि लालेलाल तक्ता डोळ्यांना नको होतो.

अक्षराचा खरा फायदा पुढे आहे. रंग मोजणारं तयार सूत्र शीट्समध्ये नाही, अक्षरं मात्र काउंटइफ्सने सहज मोजता येतात. संघाचे विजय म्हणजे बी मध्ये त्याचं नाव असताना "वि", अधिक ई मध्ये नाव असताना "प". तिथूनच गुणतक्ता तयार होतो. विजयाचे ३ गुण सूत्रात न लिहिता एका वेगळ्या सेलमध्ये ठेवा. इंग्लंडच्या लीगमध्ये १९८१ पर्यंत विजयाला २ गुण होते, विश्वचषकात ३ गुण १९९४ मध्ये आले. जुने हंगाम त्याच तक्त्यात तपासायचे झाले तर एकच सेल बदलावा लागतो.

धागाकर्ता:
एफ कॉलम झाला, अक्षरं बरोबर येताहेत. पण रंग एक ओळ खाली सरकलाय! पहिला सामना यजमानांनी जिंकला आणि हिरवा झाला दुसऱ्या सामन्याचा यजमान.

प्रतिसाद २:
रेंज बी२ पासून आणि सूत्रात $एफ१ असं झालंय का बघा. सूत्र नेहमी रेंजच्या पहिल्या ओळीसाठी लिहायचं, पुढच्या ओळींचं शीट स्वतः जुळवून घेतं. आणि डॉलर एफच्या आधीच हवा. २ च्या आधी लागला तर सगळ्या ओळी पहिल्याच सामन्याचा रंग घेतील.

प्रतिसाद ३:
एक विनंती. मला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. पुरुषांमध्ये हा दोष बायकांपेक्षा बराच जास्त आढळतो, त्यामुळे तक्ता बघणाऱ्या खेळाडूंतही कुणी असू शकेल. विजयाला निळा आणि बरोबरीला फिकट नारिंगी घेतलात तर आम्हालाही वाचता येईल. त्याच नियमात ठळक अक्षरंही निवडता येतात.

आणि दुसरीकडून निकाल आणून चिकटवताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरा, म्हणजे फक्त मूल्यं येतात. साध्या पेस्टने सोबत फॉरमॅटही येतं आणि नियमांचे तुकडे पडत जातात. एक्सेलमध्ये हाच त्रास जास्त होतो. तिथे पेस्ट स्पेशलमधून व्हॅल्यूज घ्यायचं.

धागाकर्ता:
$एफ१ च होतं! आता सगळं जागेवर आलं. निळा-नारिंगी केलाय, जिंकलेल्याचं नाव ठळक. मुद्दाम तोच वादाचा सामना काढून डी मध्ये ० चा १ केला, आणि दोन्ही नावं एकदम नारिंगी झाली. तिघांचेही मनापासून आभार. त्या संघाच्या कप्तानाला आत्ताच लिंक पाठवतोय.