मदत हवी आहे : जुने मथळे आणि पुढचा गोंधळ

मंडळी, माळ्यावरची आजीची ट्रंक उघडली, तर तळाला जुलै १९७९ चा पेपर अंथरलेला, डांबरगोळ्यांच्या वासासकट. मथळा स्कायलॅबचा, म्हणजे कोसळलेल्या अमेरिकी अंतराळस्थानकाचा! तुकडे पडले पश्चिम ऑस्ट्रेलियात. पण समजा सदाशिव पेठेत, तेही दुपारी एक ते चारमध्ये पडले असते तर? वाड्यावर लगेच पाटी : 'अंतराळयान येथे लावू नये. हवा सोडली जाईल.'

सोसायटीच्या कोजागिरीला असंच वाचून दाखवायचंय. सप्टेंबर १९९५ चा गणपती दूध प्यायल्याचा घेतलाय (दुसऱ्या दिवशी उंदीरमामांनी चहा मागितला). तिसरा सुचेना. पानशेत धरणफुटीचा पूर नको, त्यावर आमच्याकडे अजून कोणी हसत नाही. कुणाकडे कात्रण असेल तर तारखेसकट फोटो टाका ना. पुढचं आम्ही रचतो.