पगार दीडपटीच्या वर, भाडं तिप्पट: मोठं शहर परवडतं का, हे मोजायचं कसं?

(ऑनलाइन चर्चेचा धागा. वेगळ्या ओळीवर एकटं आलेलं नाव म्हणजे पुढचं लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

उंबरठ्यावर

मध्यम शहरातून मोठ्या, महागड्या शहरात जावं की नाही, असा प्रश्न आहे. 'जा, संधी असतात' आणि 'नको, जीव मेटाकुटीला येतो' ही दोन्ही मतं भरपूर ऐकून झाली. हिशोब कसा मांडायचा ते सांगा. चलनाचा घोळ नको म्हणून सगळं १०० च्या मापात देतो.

सध्या महिन्याला हातात १००. भाडं १८, बाकी खर्च ४२, शिल्लक ४०. कामाचे ९ तास, प्रवास एका बाजूने अर्धा तास.

नव्या ठिकाणी हातात १६०. तेवढ्याच मापाचं घर ५४ ला, पण कामापासून दीड तासावर. अर्ध्या तासाच्या अंतरात हवं तर ७०.

भाडं ३० टक्क्यांच्या आत हवं म्हणतात. नव्या ठिकाणच्या दोन्ही घरांत ते मोडतंय. मग विषय इथेच संपला का? आणि बाकीच्या ४२ ला सरसकट किती टक्के वाढ धरायची?

त्रैराशिक

सरसकट टक्का लावू नका. बहुतेकांचं गणित तिथेच फसतं.

शहर महाग असतं म्हणजे मुळात जागा महाग असते. त्यामुळे तिथे राहून काम करणाऱ्याचे तासही महाग होतात. ज्या गोष्टीत स्थानिक जागा किंवा स्थानिक माणसाचे तास आहेत ती महागते. जी वस्तू बाहेरून खोक्यात येते ती जवळपास त्याच भावात मिळते. म्हणून ४२ चे दोन ढीग करा. पहिल्यात घरकामाची मदत, पाळणाघर, शिकवणी, दुरुस्ती, बाहेरचं खाणं. दुसऱ्यात फोन, विमा, कपडे, उपकरणं, ऑनलाइन मागवता येणारं सगळं. गेल्या तीन महिन्यांचा खर्च काढून प्रत्येक ओळ कुठल्या ढिगात जाते ते बघा. तासाभराचं काम आहे.

समजा पहिला ढीग २० आणि दुसरा २२ निघाला. पहिल्याला दीडपट लावली की ३०, दुसरा २२ वरच. लांबचं घर ५४, प्रवासाचा जादा खर्च ६ धरू. एकूण ११२, शिल्लक ४८.

म्हणजे बचतीचं प्रमाण ४० टक्क्यांवरून ३० वर आलं, पण रक्कम ४० वरून ४८ झाली. आता यातलं खरं कुठलं मानायचं? पैसा कुठे खर्चणार त्यावर ते ठरतं. पुढे परत यायचं असेल, तर तो पैसा स्वस्त शहरात खर्च होणार आणि ४८ म्हणजे खरोखर २० टक्के जास्त. पण त्याच शहरात घर घ्यायचं असेल आणि घरांचे भावही तिप्पट असतील, तर घराच्या मापात तुमचे ४८ आजच्या १६ एवढेच भरतात. हा एक प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय पुढचे सगळे आकडे अर्धवट आहेत.

३० टक्क्यांबद्दल: तो आकडा अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या भाडेनियमातून आला. १९६९ मध्ये तिथे उत्पन्नाच्या २५ टक्के अशी मर्यादा घातली होती, १९८१ मध्ये ती ३० केली. तुमची बचत किती व्हावी याच्याशी त्याचा संबंध नव्हता. भाडं देऊन हातात *किती उरतं* ते बघा: आज ८२, तिथे १०६.

आता वेळ. महिन्याला कामाचे २२ दिवस. आज घराबाहेर २२ × १० = २२० तास, तिथे २२ × १२ = २६४. शिल्लक भागिले तास केलंत तर ४०/२२० आणि ४८/२६४, दोन्ही ०.१८. ४४ तास जास्त देऊन दर जिथल्या तिथेच.

आडवाट

मग जवळचं घर का मांडलं नाहीत? शहरांच्या अर्थशास्त्राचे अभ्यासक विल्यम अलोन्सो यांनी १९६४ मध्ये मांडलेली साधी गोष्ट आहे: केंद्रापासून लांब जाताना भाडं उतरतं, कारण तेवढा प्रवास तुमच्या माथी येतो. लांबचं घर स्वस्त नसतं, त्याचं बिल दोन ठिकाणी फाटतं, इतकंच.

जवळच्या घराला १६ जास्त पडतात. प्रवासाचा जादा खर्च ६ ऐवजी २ धरला, तर निव्वळ १२. त्यात ४४ तास वाचतात, म्हणजे तासाला ०.२७. नव्या पगाराचा ताशी दर १६०/१९८, म्हणजे ०.८१. वाहतुकीच्या नियोजनात प्रवासाच्या वेळेची किंमत साधारण मजुरीच्या निम्मी धरायची पद्धत आहे, ती इथे ०.४० येते. ०.२७ ला मिळणारा तास ०.४० चा आहे, तर घ्यावा. गर्दीत उभ्याने जायचं असेल तर निम्म्याहूनही जास्त धरा. बसायला जागा आणि वाचायला उजेड मिळत असेल तर कमी.

फक्त एक लक्षात घ्या: जवळच्या घरात खर्च १२४, शिल्लक ३६. आजच्या ४० पेक्षा कमी.

दुसरं, अडीअडचणीसाठी ठेवलेली गंगाजळी. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा म्हटलं तर आज ३६० पुरतात. तिथे १२४ च्या हिशोबाने ७४४ लागतील. शहर बदललं त्या दिवशी तुमची सहा महिन्यांची तरतूद तीन महिन्यांवर येते. जुनी नोकरी सुटलेली, नवीत अजून कायम नाही, आणि पाठीशी तीनच महिने! घराची अनामत याच पैशातून भरली तर तेवढेही नाहीत. ७० च्या घराला तीन महिन्यांची अनामत असेल तर २१० तिथेच अडकतात.

तेव्हा नव्या मालकाकडून स्थलांतराचा खर्च आणि अनामतीसाठी बिनव्याजी उचल, या दोन गोष्टी पगाराची बोलणी संपण्याआधी मागा. पगारात ५ टक्के वाढवून मागण्यापेक्षा या सहज मिळतात, कारण त्या एकदाच द्यायच्या असतात.

उंबरठ्यावर

दोघांचे आभार. दोन्ही हिशोब शेजारी ठेवले तर लांब राहिल्यास वेळ जातो आणि जवळ राहिल्यास पैसा. मग उत्तर सरळ 'नाही' असंच नाही का?

पाटीपेन्सिल

पहिल्या वर्षाचं उत्तर 'नाही' आहे. बहुतेकदा तसंच येतं, आणि त्याला कारण आहे. शेर्विन रोझेन (१९७९) आणि जेनिफर रोबॅक (१९८२) या अर्थतज्ज्ञांनी ते नीट उकलून दाखवलं: एखादं शहर सगळ्यांनाच फायद्याचं असेल तर लोक तिथे येत राहतात आणि भाडी चढत राहतात, ती फायदा संपेपर्यंत. सरासरी माणसाला त्या शहरात फारसा नफा-तोटा होत नाही, त्या पातळीला भाडं येऊन थांबतं. म्हणून 'ते शहर परवडतं का' असं विचारून हाती काही लागत नाही. भाडं ज्या गोष्टींसाठी चढलंय त्या तुम्ही सरासरी माणसापेक्षा जास्त वापरणार का, तेवढंच तपासायचं.

त्या गोष्टी ढोबळमानाने तीन.

एक, शिकणं. दे ला रोका आणि पुगा यांचा २०१७ चा अभ्यास स्पेनमधल्या कामगारांच्या नोंदींवर आहे. मोठ्या शहरातल्या जादा कमाईचा साधारण निम्मा भाग तिथे पाऊल ठेवताच मिळतो, उरलेला तिथल्या अनुभवाने हळूहळू चढत जातो. आणि नंतर लहान शहरात गेलं तरी तो अनुभवाचा भाग बराचसा टिकतो! म्हणजे वयाच्या पंचविशीत पाच-सात वर्षं राहून परतणं आणि पन्नाशीत पहिल्यांदा जाणं, आकडे सारखे असले तरी हे दोन वेगळे सौदे आहेत. पण यासाठी काम तसं हवं. जिथे वरचढ माणसांच्या शेजारी बसून शिकता येतं, अशा कामात हे घडतं. तेच काम, तीच प्रणाली, फक्त इमारत मोठी, असं असेल तर मिळायचं ते पहिल्याच दिवशी मिळालं.

दोन, पर्यायी मालक. आज जी नोकरी मिळतेय ती सोडून, त्या घरापासून तासाभरात तुमचं काम देणाऱ्या किती संस्था आहेत? नावं लिहून काढा. दहा-बारा निघाल्या तर त्या भाड्यात विम्याचा हप्ता आहे असं समजा: नोकरी गेली तरी घर हलवावं लागत नाही. दोन-तीनच निघाल्या तर तुम्ही मोठ्या शहराचं भाडं देऊन लहान शहराची जोखीम घेताय. अतिविशिष्ट कौशल्यवाल्यांची इथे गल्लत होते. शहर कितीही अवाढव्य असलं तरी त्यांचा बाजार तेवढाच असतो.

तीन, घरातली दुसरी नोकरी. हा मुद्दा धाग्यात आलाच नाही आणि बऱ्याच घरांत निकाल यावरच लागतो. डोरा कोस्टा आणि मॅथ्यू कान यांनी २००० मध्ये दाखवलं की दोघंही उच्चशिक्षित असलेली जोडपी अमेरिकेत मोठ्या शहरांकडे एकवटत गेली, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे दोघांना एकाच गावी आपापल्या तोलाचं काम मिळणं. घरात कमावणारं एकच माणूस असेल तर १६० च्या पगाराला मोठं शहर जड. दुसऱ्याचीही तिथे ८०-९० ची सोय होत असेल तर भाडं तेच राहतं आणि अख्खा हिशोब पालटतो.

वाढीचंही गणित करा. जवळच्या घराने शिल्लक ४ ने कमी होते. ती भरून काढायला १६० वर फक्त २.५ टक्के वाढ पुरते. सोपं वाटतं ना? पण भाडं दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढलं तर ७० वर ३.५ जातात, पगाराचे सुमारे २.२ टक्के. आज १८ वर ०.९ च जातात. म्हणजे पगारवाढीतले पहिले दोन-सव्वादोन टक्के दरसाल घरमालकाचे. वाढ त्याच्या बऱ्याच वर असेल तरच ती तुमची.

कोपरखळी

अभ्यासांच्या सरासरीवर उड्या मारण्याआधी दोन थंड शिंतोडे.

लुईस बेटेनकोर्ट आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की शहराची लोकसंख्या दुप्पट झाली की दरडोई उत्पन्न साधारण १० ते १५ टक्क्यांनी वाढतं. लोक इथवरच सांगतात. त्याच लेखात गंभीर गुन्हे आणि काही संसर्गजन्य रोगही जवळपास त्याच दराने वाढताना दिसतात. माणसं एकमेकांना जास्त भेटतात, तेव्हा सगळंच जास्त पसरतं.

दुसरं, स्टुत्झर आणि फ्राय यांचा अभ्यास (२००८). जर्मनीतल्या लोकांच्या माहितीत लांब प्रवास करणारे आयुष्याबद्दल कमी समाधानी निघाले. जादा पगार किंवा स्वस्त घर यांनी ती तूट भरलेली दिसली नाही. घर निवडताना माणूस एक खोली जास्त मिळतेय हे बघतो. तिची सवय महिन्याभरात होते. रोज नव्या जागी तुंबणाऱ्या रहदारीची सवय होत नाही.

आणि ते 'दीड तास' कुठून आणलंत? नकाशावरून असेल तर खोडून टाका. कामाच्या दिवशी, तुमच्याच वेळेला, दाराशी कुलूप लावल्यापासून खुर्चीत बसेपर्यंत मोजायचं, जाताना आणि येताना वेगवेगळं. रविवारी घर बघायला जाणाऱ्याला शहर नेहमीच सुटसुटीत दिसतं. सरासरीही पुरत नाही. दहापैकी सर्वांत वाईट दोन दिवशी किती लागतो ते विचारा, कारण कामावर पोचायला तुम्ही रोज तेवढ्या आधी निघणार.

त्रैराशिक

पाटीपेन्सिल यांचा तिसरा मुद्दा माझ्याकडून राहिला, तो मान्य. प्रवासाच्या मोजणीचंही बरोबर: दीडाचे पावणेदोन तास निघाले तर माझं ०.१८ चं बरोबरीत सुटलेलं गणित तोट्यात जातं.

जायचं ठरलंच तर क्रम सांगतो, तो चुकला की महाग पडतं. लगेच वर्षाचा करार करू नका. पहिले सहा-आठ आठवडे सामान जुन्याच जागी ठेवून एखादी सुसज्ज खोली घ्या, दर जास्त असला तरी. याच काळात दोन-तीन वस्त्यांतून कामाच्या वेळेला ये-जा करून बघा. मग करार. त्यात बघायचं ते कलम म्हणजे मुदतीआधी सोडल्यास काय. किमान मुक्कामाची अट तुमच्या परिवीक्षेच्या, म्हणजे नोकरी कायम होण्याआधीच्या, काळापेक्षा लांब असेल, तर नोकरी टिकली नाही तरी भाडं चालू राहील. अकरा महिन्यांची अट असेल आणि कराराच्या सहाव्या महिन्याअखेर नोकरी गेली, तर ५ × ७० = ३५० अंगावर, त्याआधी गेली तर आणखी जास्त. ती अट 'एक महिन्याची पूर्वसूचना, नोकरी गेल्यास लागू' अशी मऊ करून मागा. घर रिकामं ठेवण्यापेक्षा पुष्कळ मालक ती मान्य करतात.

उंबरठ्यावर

यादी केली. तासाभरात माझं काम देणाऱ्या संस्था चार. घरातल्या दुसऱ्या नोकरीची चौकशी अजून बाकी आहे. ती होईपर्यंत होकार कळवत नाही. अनामतीसाठी उचल देतील का, ते आजच विचारतो.