हॉस्टेलला निघालेल्या मुलांना मेनिंजायटिसची लस: गरज की भीती?

नौपाड्याची आई
परवा इथे एकाने लिहिलं, ‘मेनिंजायटिसची लस हे परदेशी कॉलेजांचं फॅड. आपली पोरं दणकट असतात, उगाच पैसे घालवू नका.’ दोन दिवस ते डोक्यातून जात नाहीये. मेनिंजायटिस म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणाला येणारी सूज.

माझ्या भाच्याला तोच झाला. तोही दणकटच होता, शाळेच्या कबड्डी संघाचा कॅप्टन. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला हॉस्टेलवर गेला. शुक्रवारी संध्याकाळी ताप, डोकेदुखी, उलट्या. जवळच्या दवाखान्यात ‘व्हायरल आहे’ म्हणून पॅरासिटामॉल देऊन पाठवला. रात्री दीडला रूममेटला त्याच्या पायांवर जांभळे डाग दिसले आणि पहाटे तो आयसीयूत होता. वाचला, पण डावा कान कायमचा गेला. रस्ता ओलांडताना डावीकडून आलेली रिक्षा त्याला ऐकू येत नाही, पूर्ण मान वळवून बघावं लागतं. वय एकोणीस.

घोडबंदरचा बाबा
ताई, भाच्याबद्दल वाईट वाटलं. पण एका केसवरून सगळ्या ठाण्याच्या पोरांना सुई टोचायची का? ही लस राष्ट्रीय लसीकरणात नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटनाही ती जास्त धोका असलेल्यांना आणि परदेशी जाणाऱ्यांनाच सुचवते. खासगीत डोसला काही हजार रुपये, मला दोन मुलं. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये दर पावसाळ्यात डेंग्यूने घरं आडवी होतात, त्यावर कुणी बोलत नाही.

ऐरोलीकर
बरोबर. मेंदूज्वर डासांमुळेच होतो. महापालिकेने धूरफवारणी नीट केली तर लसच लागणार नाही.

कळव्याची सिस्टर
नाही हो! डासांमुळे होतो तो जपानी मेंदूज्वर, तो विषाणूचा, वेगळा आजार. इथे बोलणं चाललंय मेनिंजायटिस करणाऱ्या मेनिंगोकोकसचं. हा जीवाणू घशात राहतो आणि लाळेतून, खोकल्यातून, एकाच बाटलीला तोंड लावण्यातून पसरतो. बाळगणाऱ्याला काहीच होत नाही, शेजारी झोपणारा आजारी पडतो. उपचार मिळूनही दहातले एक-दोन दगावतात. आणि आपल्याकडे नसतो असं नाही. दिल्लीत १९८५ आणि २००५ मध्ये साथ आली, मेघालय-त्रिपुरात २००८-०९ मध्ये.

खारघर पीजी
शेजारी झोपणारा म्हणालात म्हणून सांगतो. आमच्या टू बीएचकेत नऊ जण आहोत. दोन कॉटमध्ये एक चप्पल मावेल एवढी जागा, खिडकी एसीच्या डब्याने बंद, स्वयंपाकघरात पाण्याचा एकच जग आणि दोन ग्लास. माणशी भाडं साडेसात हजार. तक्रार केली तर उत्तर येतं, ‘परवडत नसेल तर सोड,’ आणि सोडलं की डिपॉझिट बुडतं.

सानपाडा ओनर
सगळे घरमालक तसे नसतात. मी दोन फ्लॅट पीजीला दिलेत, माणशी कॉट, रोज सफाई. वर हप्ता, मेंटेनन्स, सोसायटीचे टोमणे. पोरं रात्री दोनला पार्सल मागवतात, भांडी आठवडा पडून. आजाराचं खापरही आमच्यावरच?

खारघर पीजी
नऊ जणांना दोन ग्लास देणाऱ्यावर नाही फोडायचं तर कुणावर?

घोडबंदरचा बाबा
हाच माझा मुद्दा आहे. गर्दी कमी करा, नियम लावा. लस म्हणजे ठिगळ.

नौपाड्याची आई
नियम लागेपर्यंत या वर्षीच्या मुलांनी काय करायचं? ती याच जूनमध्ये त्या खोल्यांत झोपणार आहेत!

कळव्याची सिस्टर
ब्रिटनमध्ये या जीवाणूच्या डब्ल्यू प्रकाराचे रुग्ण वाढायला लागल्यावर २०१५ पासून किशोरवयीनांना आणि नव्याने विद्यापीठात जाणाऱ्यांना एसीडब्ल्यूवाय, म्हणजे ए, सी, डब्ल्यू आणि वाय या चार प्रकारांवरची लस द्यायला लागले. हजला जाणाऱ्याला तर ती घ्यावीच लागते. पुण्याची सीरम पाच प्रकारांवरची लस बनवते, ती २०२४ मध्ये नायजेरियात दिली गेली. पण एक खरं सांगते, चार प्रकारांच्या एसीडब्ल्यूवाय लसीने बी प्रकार थांबत नाही आणि संरक्षण काही वर्षांनी उतरतं.

घोडबंदरचा बाबा
म्हणजे हजारो रुपये भरूनही पूर्ण खात्री नाहीच. बरं, मोठा पुण्याला हॉस्टेलवर चाललाय, त्याला देतो. धाकटी घरून कॉलेजला जाते, तिला नाही देणार. यापुढे वाद घालू नका.

नौपाड्याची आई
मोठ्याला निघायच्या आधी निदान पंधरा दिवस द्या. अंगात संरक्षण तयार व्हायला वेळ लागतो.

खारघर पीजी
सिस्टर, आमच्यातल्या एकाला कालपासून ताप आहे. काय बघू?

कळव्याची सिस्टर
हनुवटी छातीला टेकते का बघ. उजेड सहन होतोय का, बोलताना गोंधळतोय का, हातपाय गार पडलेत का? अंगावर डाग असले तर काचेचा ग्लास दाबून बघ, काचेखालीही दिसत राहिले तर एक मिनिट थांबू नकोस. डाग सुरुवातीला नसूही शकतात.

खारघर पीजी
डाग नाहीत. मान वाकवताना ओरडला. रिक्षा बोलावलीय, निघतोय.