गुडघा दुखतो, पण दोष खुब्याचा

'कॅन्सरचे उपचार संपून पाच वर्षं झाली, आता फाइल माळ्यावर टाका' असं कुणीतरी लिहिलंय. आजार पुन्हा उलटण्याच्या भीतीपुरतं ते ठीक. औषधांच्या दुष्परिणामांचा हिशेब पुढेही चालू राहतो. हृदयाच्या तपासणीबद्दल लोक बोलतात, पण स्टेरॉइडचं कुणीच लिहिलं नाही. माझ्या भावाला दहावीत एएलएल (रक्ताचा कॅन्सर) झाला होता. पुढे कॉलेजात मांडी घालून बसता येईना, गुडघा ठणकायचा. एक्स-रे एकदम स्वच्छ! घरातले सगळे बाम चोळून झाले. शेवटी एमआरआयमध्ये कळलं की त्या उपचारातल्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलाय. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं, आणि सुरुवातीला साध्या एक्स-रेत काही दिसत नाही.

मुंबईत टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१पासून वेगळं एसीटी क्लिनिक आहे. घरात असं मूल असेल तर तिथे जाणं सोडू नका. आणि नव्या हाडांच्या डॉक्टरांना जुन्या औषधांची यादी आधी दाखवा, मग गुडघा.